गेम कन्सोलभोवती वारलीचा उजेड: एलईडी स्टँड बनवायची रीत

कन्सोलला एलईडी लावायचे म्हटलं की बहुतेक जण साइड प्लेट काढतात आणि आतल्या फटीत रंगीत पट्टी चिकटवतात. पीएस५ (प्लेस्टेशन ५) समोरच्या दोन्ही फटींतूनच हवा आत ओढतो आणि पाठीमागच्या जाळीतून गरम हवा बाहेर टाकतो. समोर पट्टी लावली तर त्याचा श्वास कोंडतो. मागे लावली तर गरम हवेने गोंद सुटतो आणि पट्टी जाळीवर लोंबायला लागते. आणखी आत हात घालावा तर प्रोसेसरवर लिक्विड मेटल (उष्णता वाहून नेणारा पातळ धातू) आहे, ते भलतीकडे ओघळलं की बोर्ड कामातून गेला. म्हणून इथे पहिल्यापासून एकच नियम पाळला आहे: कन्सोल उघडायचा नाही, त्याच्या आत काही घालायचं नाही आणि एलईडीसाठी त्याच्याकडून वीजही घ्यायची नाही. उजेड बाहेरून द्यायचा. तो नीट दिला तर आतल्या पट्टीपेक्षा कितीतरी देखणा दिसतो.

बनवायचं ते असं. काळ्या अॅक्रिलिकचं एक बसकं खोकं, त्यावर मधोमध उभा पीएस५, आणि त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला पारदर्शक अॅक्रिलिकच्या दोन-दोन उभ्या पाट्या. पाट्यांवर लेझरने वारली चित्र कोरलेलं. एलईडी खोक्यात, पाट्यांच्या खालच्या कडेशी. प्रकाश कडेतून आत शिरतो, गुळगुळीत भागातून न थांबता वर जातो आणि जिथे कोरलेलं असेल तिथे अडकून बाहेर फुटतो. त्यामुळे पाटी अंधारात नाहीशी होते आणि तारपा वाजवणारा, त्याच्याभोवतीचा फेर, एवढंच हवेत उभं राहतं. एका अंगाला दोन पाट्या असल्याने बाहेरच्या पाटीवर डोंगर-झाडं आणि आतल्या पाटीवर माणसं, असे दोन थर दोन वेगळ्या रंगांत खेळवता येतात. वारली ही ठाणे-पालघर पट्ट्यातलीच कला, आणि तिच्या बारीक, सारख्या जाडीच्या पांढऱ्या रेघा या तंत्राला अगदी चपखल बसतात. नवी मुंबईकरांना खाडीतले रोहित पक्षी काढावेसे वाटले तर तेही छान उठून दिसतात. फक्त पंखांचा मोठा भाग सपाट भरू नका, रेघांनी भरा.

दोन शनिवार-रविवार हाताशी ठेवा. पहिल्यात चित्र आणि लेझरचं काम, दुसऱ्यात वायरिंग.

सामान

पट्टी डब्ल्यूएस२८१२बी जातीची, ५ व्होल्टची, मीटरला ६० एलईडी असलेली, वर सिलिकॉनचं आवरण नसलेली. दुकानात तिला 'अॅड्रेसेबल' किंवा 'पिक्सेल' पट्टी म्हणतात. नुसतं 'आरजीबी पट्टी' मागितलंत तर चार वायरची १२ व्होल्टची साधी पट्टी हातात पडते आणि ती इथे चालत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: आपल्या पट्टीवर तीनच ठिपके असतात, ५ व्होल्ट, डेटा आणि ग्राउंड. लागणार आहे १ मीटर ४० सेंटिमीटर, घ्या २ मीटर. पहिल्यांदा करणाऱ्याचा एखादा तुकडा वाया जातोच.

बाकीची यादी:

- ईएसपी३२ डेव्ह बोर्ड, ३० पिनचा (दिव्यांना हुकूम देणारा छोटा वायफाय बोर्ड, या कामाचा मेंदू)
- ७४एएचसीटी१२५ आयसी आणि १४ पिनचा आयसी बेस (७४एचसीटी१२५ चालेल, ७४एचसी१२५ चालणार नाही, कारण खाली दिलं आहे)
- पीसी८१७ ऑप्टोकपलर १ (दोन घ्या, स्वस्त असतो)
- रेझिस्टर पाव वॅटचे: ३३० ओहम १, ४७० ओहम १
- १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कपॅसिटर १
- ५ व्होल्ट ४ अँपिअरचा अडॅप्टर, बीआयएसची खूण असलेला, आणि त्याच्या पिनेला बसणारं डीसी सॉकेट
- ३.१५ अँपिअरचा काचेचा फ्यूज, वायरमध्ये बसणाऱ्या होल्डरसह
- झिरो पीसीबीचा (सोल्डर करायला भोकं असलेल्या कोऱ्या सर्किट बोर्डचा) छोटा तुकडा, २० गेजची लाल-काळी वायर, डेटासाठी २४ गेजची हिरवी वायर, हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की वायरीवर आवळणारी नळी)
- जुनी यूएसबी केबल, एका टोकाला नेहमीची चपटी पिन असलेली
- २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न, ०.८ मिलिमीटरची सोल्डर वायर, मल्टिमीटर

हे सगळं एका फेरीत मिळतं ते ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर. ठाण्याहून फास्ट लोकलने दादर, तिथून पश्चिम रेल्वेची स्लो. वाशी-नेरूळकरांनी कुर्ल्याला गाडी बदलून दादरमार्गे जावं. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारी दुपारच्या आत जा. पट्टी दुकानातच लावून दाखवायला सांगा. बरेच दुकानदार छोटा टेस्टर ठेवतात आणि लाल, हिरवा, निळा असे तिन्ही रंग फिरवून दाखवतात. मधला एखादा मेलेला एलईडी तिथेच कळतो.

अडॅप्टरच्या बाबतीत काटकसर करू नका. या कामातला २३० व्होल्टचा संबंध फक्त अडॅप्टरच्या बंद खोक्यापुरता आहे आणि तो तिथेच राहिला पाहिजे. उघड्या पत्र्याचा, स्क्रूवर २३० व्होल्टच्या वायरी जोडायचा पॉवर सप्लाय घरातल्या टीव्ही युनिटवर नको, मग तो कितीही स्वस्त मिळो.

हिशेब आधी, कैची नंतर

मीटरला ६० म्हणजे दोन एलईडींमधलं अंतर १.६७ सेंटिमीटर, आणि पट्टी तेवढ्याच अंतराने, तांब्याच्या ठिपक्यांच्या मधोमध असलेल्या रेघेवरच कापता येते. चार पाट्यांखाली प्रत्येकी २५ सेंटिमीटर, म्हणजे १५ एलईडी. खोक्याच्या मागच्या कडेला भिंतीकडे तोंड करून ४० सेंटिमीटर, म्हणजे २४. एकूण ८४. एक एलईडी पूर्ण पांढरा पेटला की साधारण ६० मिलिअँपिअर ओढतो, तेव्हा ८४ चे झाले ५ अँपिअर. अडॅप्टर ४ चा घेतला आहे, कारण पूर्ण पांढरा पूर्ण जोराने कधीच लावायचा नाही. अंधाऱ्या खोलीत तो डोळ्यांत घुसतो आणि टीव्हीवरचा काळा रंग फिका पडतो. सॉफ्टवेअरमध्ये २५०० मिलिअँपिअरची मर्यादा घालणार आहोत. त्यामुळे अडॅप्टर निवांत राहतो आणि फ्यूजही विनाकारण उडत नाही.

अॅक्रिलिक: इथे घाई केलीत तर पुढचं सगळं फिकं

पाट्यांसाठी ६ मिलिमीटरचं पारदर्शक अॅक्रिलिक घ्या, आणि ते 'कास्ट'च हवं असं ठामपणे सांगा. दुसरा प्रकार एक्स्ट्रुडेड. तो स्वस्त पडतो, कापायला उत्तम, पण त्यावर कोरलेली रेघ काचेसारखीच पारदर्शक राहते आणि उजेड धरत नाही. कास्टवर तीच रेघ खडूसारखी पांढरी उमटते. दोन्ही शीट शेजारी ठेवल्या तर नजरेला फरक दिसत नाही. म्हणून आधी हाताएवढ्या तुकड्यावर दोन रेघा कोरून घ्या आणि कडेला मोबाइलचा टॉर्च धरून बघा. रेघ चमकली तरच पुढची ऑर्डर द्या.

ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये, नवी मुंबईत रबाळे-महापेच्या एमआयडीसी पट्ट्यात साइनबोर्ड बनवणारे लेझर कटिंग करून देतात. त्यांना फोटो नाही, व्हेक्टर फाइल (रेघांनी काढलेलं चित्र) लागते. बहुतेक ठिकाणी कोरलड्रॉची फाइल चालते, नाहीतर डीएक्सएफ. कापायच्या रेघा एका रंगात आणि कोरायचा भाग दुसऱ्या रंगात ठेवा. चित्र आरशातल्यासारखं उलटं द्या आणि पाटीच्या मागच्या अंगाने कोरायला सांगा. समोरची बाजू गुळगुळीत राहते, तिच्यावर धूळ अडकत नाही आणि पुसायला सोपी जाते. कोरणं अर्धा मिलिमीटरपेक्षा खोल नको. खोल गेलं म्हणजे जास्त उजळ दिसेल असं वाटतं, पण खोल रेघ खालूनच सगळा उजेड खाऊन टाकते आणि वरचं चित्र अंधारात राहतं.

चित्र मांडतानाही हेच लक्षात ठेवायचं. एलईडी खाली आहेत, त्यामुळे खालचा भाग आपोआप उजळ आणि वरचा मंद दिसतो. म्हणून तळाला विरळ, बारीक रेघा (गवत, पाऊलवाट, कोंबड्या) आणि वर भरीव आकार (झाडाचा पसारा, सूर्य, डोंगर) ठेवा. नाचणाऱ्यांचा फेर मधल्या उंचीवर सगळ्यात छान खुलतो.

मापं अशी. पाटी २७० मिलिमीटर रुंद, ४१० उंच, अशा चार. खोकं ४०० रुंद, ३२० खोल, आतली उंची ४०, काळ्या ५ मिलिमीटरच्या अॅक्रिलिकचं. वरच्या झाकणात पाट्यांसाठी चार फटी. बाहेरची फट डाव्या-उजव्या कडेपासून २० मिलिमीटर आत, दुसरी तिच्यापासून १५ मिलिमीटर सोडून. मूळचा पीएस५ १०४ मिलिमीटर रुंद आणि २६० खोल आहे. या मांडणीत त्याच्या दोन्ही बाजूंना १०-१० सेंटिमीटर मोकळे राहतात, समोर आणि मागे आडवं काहीच येत नाही. खोकं भिंतीपासूनही किमान १० सेंटिमीटर पुढे ठेवायचं आहे, तेव्हा टीव्ही युनिटची खोली आधी मोजून घ्या. एक्सबॉक्स सिरीज एक्स असेल तर तो खालून हवा घेऊन वरून सोडतो. त्याच्याखाली रबराचे उंच पाय ठेवा आणि वर कोणतीही पाटी झुकवू नका.

फटींची रुंदी कागदावरच्या ६ मिलिमीटरवरून ठरवू नका. ६ ची म्हणून मिळालेली शीट प्रत्यक्षात ५.७ भरते किंवा ६.२. व्हर्नियरने मोजा आणि त्यात ०.३ मिळवा. फट घट्ट झाली तर पाटी बसवताना झाकणाला चीर जाते, सैल झाली तर पंखा चालू असताना पाटी बारीक किणकिणते.

कन्सोल साडेचार किलोच्या आसपास वजनाचा, तेव्हा नुसत्या ५ मिलिमीटरच्या झाकणावर भरवसा नको. बरोबर त्याच्या खाली ४० मिलिमीटर उंचीच्या प्लायच्या दोन पट्ट्या उभ्या लावा. प्लायऐवजी घरात उरलेला पीव्हीसी फोम बोर्ड वापरणार असाल तर तो हाताने कापा. लेझरवर पीव्हीसी कापलं की क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतो, जाणकार लेझरवाला ते मशीनवर घेतच नाही.

कापून आलेल्या पाट्यांचा कागद काढल्यावर त्या पुसायला आयसोप्रोपिल, थिनर किंवा काच पुसायचा स्प्रे वापरू नका. लेझरच्या उष्णतेने कडांमध्ये ताण राहिलेला असतो, आणि अल्कोहोल लागलं की काही मिनिटांत कडेपासून आत केसासारख्या चिरा धावतात. त्या परत बुजत नाहीत. भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब घातलेलं पाणी आणि मऊ मायक्रोफायबर, एवढं पुरतं.

पट्टी आणि सोल्डरिंग

प्रत्येक तुकड्यावर बाण छापलेला असतो. डेटा बाणाच्या दिशेने जातो: डीआय म्हणजे आत, डीओ म्हणजे बाहेर. पाचही तुकडे खोक्याच्या तळावर मांडा आणि क्रम ठरवा: डावी बाहेरची, डावी आतली, मागची लांब, उजवी आतली, उजवी बाहेरची. प्रत्येकाचा बाण पुढच्याकडे बघतोय ना, ते मांडणीतच तपासा. नवख्यांची सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच असते, एक तुकडा उलटा लागतो आणि त्याच्यापुढचं सगळं अंधारात राहतं.

सोल्डर करताना आयर्नचं टोक ओल्या स्पंजवर पुसून चकचकीत ठेवा. आधी ठिपक्यावर थोडं सोल्डर घ्या, मग वायरच्या सोललेल्या टोकावर, आणि नंतर दोन्ही जुळवून दोन-तीन सेकंद टेकवा. सोल्डर ठिपक्यावर पसरून वायरीच्या बाजूंनी चढलं आणि गार होताना चमकदार राहिलं की सांधा पक्का. गोळी होऊन वर बसलं, मळकट दिसलं, तर तो सांधा कच्चा. आज पेटेल, महिनाभराने लुकलुकेल. पाच सेकंदांपेक्षा जास्त टेकवलं तर तांब्याचा ठिपका पट्टीपासून सुटून येतो. मग तो तुकडा एक एलईडी पुढे कापावा लागतो. पूर्वी कधी सोल्डर केलं नसेल तर जास्तीच्या ६० सेंटिमीटरवर आधी वीस सांधे घाला.

वीज एका तुकड्यातून दुसऱ्यात साखळीने नेऊ नका. झिरो पीसीबीवर ५ व्होल्टची एक आणि ग्राउंडची एक अशा दोन जाड रेषा करा, त्यासाठी उघडी तांब्याची तार सोल्डरने बसवा. पाचही तुकड्यांना तिथून वेगळी लाल-काळी जोडी द्या. साखळी फक्त डेटाची: पहिल्याच्या डीओपासून दुसऱ्याच्या डीआयपर्यंत, असं पुढे. अशाने शेवटच्या तुकड्यातही पांढरा पांढराच राहतो, पिवळट पडत नाही.

पट्टीच्या मागचा चिकटपट्टा तळावर बसवताना जागा आधी कोरड्या कापडाने पुसा आणि एकदा चिकटवून परत उचलू नका. दोन्ही टोकांना सिलिकॉनचा एक-एक ठिपका द्या, पण व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन टाळा. त्यातलं आम्ल तांबं खातं. 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेली ट्यूब मागा. पट्टीच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटर अॅक्रिलिकचे छोटे ठोकळे चिकटवा, पाटी त्यांच्यावर टेकेल आणि एलईडीपासून जेमतेम मिलिमीटरभर वर राहील. पाटी थेट एलईडीवर बसली तर वजनाने सांधे तुटतात. ठोकळ्यांना दोन्ही बाजूंनी उभे गालही लावा, म्हणजे पाटी खालून हलणार नाही. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये काळ्या कार्डबोर्डची उभी भिंत घाला. ती नसेल तर बाहेरच्या डोंगराचा रंग आतल्या माणसांवर सांडतो आणि दोन थरांचा सगळा खेळ बिघडतो. पाटीच्या वरच्या कडेला अॅल्युमिनियमची चिकटपट्टी लावली तर वर पोचलेला उजेड परत खाली फिरतो. वरचा सूर्य त्याने लक्षात येण्याइतका उजळतो.

मेंदूची जोडणी

अडॅप्टरचं डीसी सॉकेट खोक्याच्या पाठीला. त्याच्या पॉझिटिव्हवर लगेच फ्यूज, फ्यूजनंतर पीसीबीवरची ५ व्होल्टची रेषा. तिच्यात आणि ग्राउंडमध्ये कपॅसिटर, पांढरा पट्टा असलेला पाय ग्राउंडला. उलटा लावला तर तो फुगून फुटतो. ईएसपी३२ चा व्हीआयएन पाय ५ व्होल्टला, जीएनडी ग्राउंडला.

आता आयसी का लागतो ते. पट्टी ५ व्होल्टवर चालते आणि डेटाचा 'हो' तिला किमान ३.५ व्होल्टचा लागतो. ईएसपी३२ देतो ३.३. कधी चालतं, कधी नाही. बाकावर ठेवून बघितलं तेव्हा सुरळीत चाललेलं काम खोक्यात बंद केल्यावर लुकलुकतं, ते यामुळेच. ७४एएचसीटी१२५ हा ३.३ चा इशारा समजतो आणि पुढे पूर्ण ५ चा करून देतो. नावात 'टी' नसलेल्या ७४एचसी१२५ ला स्वतःलाच ३.५ लागतात, म्हणून तो कुचकामी.

आयसीचे पाय: १४ ला ५ व्होल्ट, ७ ग्राउंडला, १ ग्राउंडला. ईएसपी३२ ची जीपीआयओ १६ ही पिन आयसीच्या पाय २ ला. पाय ३ मधून ३३० ओहमचा रेझिस्टर आणि तिथून पहिल्या पट्टीच्या डीआयला. न वापरलेले ४, ५, ९, १०, १२, १३ हे इनपुट ग्राउंडला बांधा, मोकळे सोडले तर ते गोंगाट उचलतात. आयसी बेसमध्ये सगळ्यात शेवटी बसवा, खाच डावीकडे धरली तर पाय १ खाली डाव्या कोपऱ्यात येतो.

कन्सोल चालू झाला की दिवे लागावेत आणि बंद झाला की मालवावेत, यासाठी यूएसबीचा उपयोग करू. तिथून वीज घ्यायची नाही, फक्त 'जागा आहे की झोपला' एवढी खबर घ्यायची. ऑप्टोकपलर हेच काम करतो: एका अंगाला त्याच्या पोटातला चिमुकला एलईडी, दुसऱ्या अंगाला प्रकाशावर चालणारा ट्रान्झिस्टर, मध्ये विजेचा काहीही संबंध नाही. पट्टीच्या बाजूच्या वायरिंगमध्ये घोळ झाला तरी तो कन्सोलपर्यंत पोचत नाही. यूएसबी केबल कापा आणि मीटर लावून ५ व्होल्टची वायर शोधा. रंगावर विसंबू नका, स्वस्त केबलींमध्ये लाल-काळा उलटेही निघतात. ५ व्होल्ट ४७० ओहममधून पीसी८१७ च्या पाय १ ला, यूएसबीचा ग्राउंड पाय २ ला. पाय ४ ईएसपी३२ च्या जीपीआयओ ४ ला, पाय ३ आपल्या ग्राउंडला. कन्सोलवर भार येतो जेमतेम ८ मिलिअँपिअरचा. उरलेल्या दोन डेटा वायरी वेगवेगळ्या स्लीव्हमध्ये बंद करा.

अडॅप्टर लावण्याआधी मीटर कंटिन्युटीवर ठेवून ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या रेषांवर टेकवा. कपॅसिटरमुळे क्षणभर बीप वाजून थांबेल, ते ठीक आहे. सतत वाजत राहिली तर कुठेतरी शॉर्ट आहे, तो सापडेपर्यंत वीज नाही. मग आयसी आणि ईएसपी३२ न बसवता अडॅप्टर लावा, ५ च्या आसपास व्होल्टेज दिसतंय आणि टोकं उलटी नाहीत हे बघा, आणि त्यानंतरच दोन्ही बसवा.

डब्ल्यूएलईडी

डब्ल्यूएलईडी हे मोफत फर्मवेअर (ईएसपी३२ मध्ये भरायचं सॉफ्टवेअर) आहे, प्रोग्रॅमिंग यायची गरज नाही. अडॅप्टर काढून ईएसपी३२ यूएसबीने कॉम्प्युटरला जोडा. क्रोम किंवा एजमध्ये डब्ल्यूएलईडीच्या वेब इन्स्टॉलरचं पान उघडून इन्स्टॉल दाबा. पोर्टच दिसत नसेल तर दहापैकी नऊ वेळा केबल नुसती चार्जिंगची असते, डेटाची केबल लावा. तरीही नाही दिसलं तर बोर्डावरच्या चिपप्रमाणे सीएच३४० किंवा सीपी२१०२ चा ड्रायव्हर टाका. 'कनेक्टिंग' वर अडकलं तर बोर्डावरचं बूट बटण दाबून धरा.

मग मोबाइलवर 'डब्ल्यूएलईडी-एपी' नावाचं वायफाय दिसेल. पासवर्ड डब्ल्यूएलईडी१२३४, इंग्रजी लहान अक्षरांत. पत्ता ४.३.२.१. इंटरनेट नाही म्हणून मोबाइल लगेच स्वतःच्या डेटावर उडी मारतो, तेव्हा मोबाइल डेटा बंद ठेवा. घरचं वायफाय २.४ गिगाहर्ट्झचंच निवडा, ५ गिगाहर्ट्झचं या बोर्डाला दिसतच नाही.

एलईडी प्रेफरन्सेसमध्ये: प्रकार डब्ल्यूएस२८१एक्स, संख्या ८४, जीपीआयओ १६, रंगांचा क्रम जीआरबी. ऑटोमॅटिक ब्राइटनेस लिमिटर चालू ठेवून २५०० भरा. मुळात तिथे ८५० असतं आणि त्यामुळे दिवे कायम मंद वाटतात. बटणासाठी जीपीआयओ ४, प्रकार 'स्विच'. वीज आल्याबरोबर दिवे लागण्याची खूण काढून टाका, नाहीतर रात्री लाइट जाऊन आली की सगळं घर उजळतं.

सेगमेंट (एकेका तुकड्याचे वेगळे भाग) पाच करा: ० ते १५, १५ ते ३०, ३० ते ५४, ५४ ते ६९, ६९ ते ८४. शेवटचा आकडा त्या सेगमेंटमध्ये धरला जात नाही, म्हणून तो पुढच्याची सुरुवात म्हणून पुन्हा येतो. वारलीसाठी आतल्या दोन पाट्यांना ऊबदार पांढरा द्या: लाल २५५, हिरवा २००, निळा १४०. तिन्ही २५५ ठेवले तर ट्यूबलाइटसारखा निळसर पांढरा येतो आणि चित्र रुग्णालयाच्या पाटीसारखं दिसतं. भिंतीकडच्या लांब पट्टीला गेरूचा रंग: २५५, ६०, ०. पांढऱ्या रेघांच्या मागे भिंत गेरूने सारवल्यासारखी उजळते. बाहेरच्या डोंगरांना त्याच रंगाची अर्धी ब्राइटनेस, किंवा अगदी हळू वेगाचा 'ब्रीद' इफेक्ट. भराभर पळणारे इंद्रधनुषी इफेक्ट पहिल्या दिवशी बघून घ्या, पण खेळताना नजरेच्या कडेला हलणारं काही नको असतं.

हे प्रीसेट १ म्हणून साठवा, सगळे दिवे बंद ही अवस्था प्रीसेट २ म्हणून, आणि टाइम अँड मॅक्रोजमध्ये स्विचच्या दोन अवस्थांना हे दोन नेमून द्या. कन्सोल चालू केल्यावर दिवे विझत असतील तर दोघांची अदलाबदल करा.

कन्सोल रेस्ट मोडमध्ये गेला तरी दिवे चालूच राहत असतील तर जोडणीत दोष नाही, पीएस५ तेव्हाही यूएसबीला वीज देत असतो. सेटिंग्ज, सिस्टम, पॉवर सेव्हिंग, रेस्ट मोडमधल्या सुविधा, आणि तिथे यूएसबी पोर्टना वीज देणं बंद करा. अडचण एकच, मग रेस्ट मोडमध्ये कंट्रोलर कन्सोलवर चार्ज होणार नाही, त्याला मोबाइलच्या चार्जरवर लावावं लागेल. एक्सबॉक्सवर स्लीपऐवजी शटडाउनचा एनर्जी सेव्हिंग पर्याय घ्या.

काही बिनसलं तर

लाल मागितल्यावर हिरवा लागतो: रंगांचा क्रम जीआरबीऐवजी आरजीबी करा. पहिलाच एलईडी थरथरतो आणि बाकी वेडेवाकडे रंग दाखवतात: आयसीचा पाय १ ग्राउंडला आहे का बघा, मग पट्टीचा ग्राउंड. एका ठिकाणापासून पुढचे सगळे बंद: तिथला पहिला बंद एलईडी किंवा त्याच्या आधीचा शेवटचा चालू एलईडी, दोघांपैकी एक गेला आहे. दोन्ही कापून नवा तुकडा जोडा. सगळं व्यवस्थित चालतं पण पांढरा वाढवला की वायफाय तुटतं: अडॅप्टर दमतोय, ईएसपी३२ च्या व्हीआयएनवर मीटर लावा. पांढरा वाढवल्यावर ४.७ च्या खाली जात असेल तर अडॅप्टर बदला किंवा मर्यादा २००० करा. वायरीला हात लागला की रंग बदलतो: कच्चा सांधा. बहुतेक वेळा तो ग्राउंडचाच निघतो.

पावसाळा

जून ते सप्टेंबर इथली हवा ओलीच असते. खाडीलगतच्या घोडबंदर, ऐरोली, सीवूड्सच्या इमारतींत तिच्यात खारही येतो. सोल्डरिंगनंतर उरलेला फ्लक्स (सोल्डर वायरमधला राळेसारखा पदार्थ) ओल धरतो आणि दोन पावसाळ्यांत सांध्यावर हिरवट बुरशीसारखा गंज दिसायला लागतो. म्हणून पट्ट्या खोक्यात चिकटवण्याआधीच पीसीबी आणि सांधे आयसोप्रोपिलने जुन्या टूथब्रशने घासून घ्या, पण हे काम अॅक्रिलिकपासून लांब, वेगळ्या टेबलावर करा. खोक्याच्या मागच्या भिंतीत हवेसाठी फटी ठेवा. आतल्या १२-१३ वॅटच्या उष्णतेला वाट मिळते आणि ओलही साचत नाही. सिलिका जेलच्या दोन पुड्या आत टाका आणि मे महिन्यात बदला. त्याच वेळी झाकण उचलून पट्ट्यांची टोकं बोटाने दाबून बघा, सुटलेली असतील तर पुन्हा सिलिकॉनचा ठिपका द्या. अडॅप्टर आणि कन्सोल एकाच स्पाइक गार्डवर ठेवा, आणि बाहेरगावी जाताना तो भिंतीच्या बटणावरून बंद करा.